आधी लर्निंग, मग क्लच

पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी गाडी दारात येते. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, पेढे वाटले जातात. ज्याच्यासाठी गाडी घेतली त्याच्याकडे मात्र अजून परवाना नसतो, आणि यात कुणाला फारसं वावगंही वाटत नाही. मग एखादा मामा, ओळखीतला एखादा टेम्पोवाला नाहीतर गल्लीतलं ड्रायव्हिंग स्कूल मदतीला येतं. पंधरा दिवस पहाटे शाळेच्या मैदानावर गाडी फिरते, मग बायपासला निघते. हात बसला अशी खात्री झाली की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आता लर्निंग काढून टाकू.’ या ‘काढून टाकू’मध्ये सगळं आलं. शिकाऊ परवाना म्हणजे उरकायची गोष्ट, पक्क्या परवान्याच्या वाटेवरची एक पावती, अशीच आपली समजूत आहे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे, आणि त्याची किंमत दंडाच्या रकमेपेक्षा बरीच मोठी आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं तिसरं कलम सांगतं की परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी कुणी वाहन चालवायचं नाही. पण चालवल्याशिवाय गाडी येत नाही, आणि आल्याशिवाय परवाना मिळत नाही. हा पेच सोडवण्यासाठी त्याच कलमात शिकणाऱ्याला सवलत दिली आहे. तिच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या तिसऱ्या नियमात आहेत. शिकणाऱ्याकडे मुदतीतला शिकाऊ परवाना हवा. सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. पाटीचं मापही दिलेलं आहे: १८ सेंटीमीटर चौरस, आणि अक्षराची उंची किमान १० सेंटीमीटर. नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की नवखा माणूस चुकणार. क्लच झटक्यात सुटणार, गाडी उसळणार, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडणार. त्या चुकांची सोय त्यांनी आधीच करून ठेवली. सरकारदरबारी शिकणाऱ्याची नोंद राहते, शेजारच्यावर जबाबदारी येते, आणि मागून येणाऱ्याला सूचना मिळते. यातली पहिली अट गळली की बाकीच्या दोन पाळूनही सवलत मिळत नाही. परवान्याविना शिकणारा कायद्याच्या नजरेत शिकाऊ नसतोच, तो सरळसरळ विनापरवाना चालक असतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी अशा चालकाला ५०० रुपयांपर्यंत दंड होता, आता तो ५ हजार रुपये आहे आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. त्याच्या हाती गाडी सोपवणाऱ्या मालकालाही, म्हणजे बहुधा वडिलांना किंवा भावाला, तेवढीच शिक्षा लागू होते.

दंडाचा मुद्दा मला मात्र दुय्यम वाटतो. पहाटेच्या मैदानावर पोलीस येत नाही, हे शिकणाऱ्यालाही माहीत असतं आणि शिकवणाऱ्यालाही. क्रम उलटल्याचं खरं नुकसान शिक्षणाचं होतं. शिकाऊ परवाना हाती आल्यापासून किमान ३० दिवस पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही, आणि त्या परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. हे आकडे कुणी उगाच घातलेले नाहीत. खासगी गाडीसाठी ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ किमान १० तासांचा असावा, असं हेच नियम सांगतात. म्हणजे २१ दिवस शिकायचं, थोडा सराव करायचा, मग चाचणीला उभं राहायचं, असा हिशेब त्यात गृहीत आहे. आपण शिकणं आधीच उरकतो. मग ते ३० दिवस नुसते वाट पाहण्याचे होतात, आणि लोक तक्रार करतात की सरकार विनाकारण महिनाभर लटकवतं. सरकारने तो महिना शिकायला दिला होता, आपण तो गाडी झाकून ठेवण्यात घालवला.

आणखी एक गोष्ट हातातून निसटते. शिकाऊ परवान्याच्या अर्जाबरोबर स्वतःच्या प्रकृतीबद्दल एक घोषणापत्र द्यावं लागतं. त्यात फेफरं येतं का, रात्री दिसायला त्रास होतो का असे प्रश्न असतात, आणि एक प्रश्न असा असतो की चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरच्या मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? बहुतेक जण न वाचताच खुणा करून मोकळे होतात. खरं तर कुणीही रस्त्याच्या कडेला उभं राहून, साधारण सहा गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं अंतर होईल तेवढ्यावरची नंबर प्लेट वाचून पाहावी. आपल्याला चष्म्याची गरज आहे, किंवा असलेल्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, हे काहींना तिथेच कळेल. स्टिअरिंग हातात घेण्याच्या आधी हे कळणं आणि महिनाभर बायपासवर गाडी पळवल्यानंतर कळणं यात फार मोठं अंतर आहे. चाळिशीच्या पुढे तर डॉक्टरचा दाखला लागतो. तो दाखला गाडी शिकून झाल्यावर आणणं म्हणजे जेवण झाल्यावर पथ्य विचारणं.

शिकाऊ परवान्यासाठीच्या संगणकावरच्या चाचणीचंही तसंच आहे. १५ प्रश्न येतात, त्यातले ९ बरोबर आले की माणूस पास. प्रश्न असतात चिन्हांचे, सिग्नलचे, अपघातानंतरच्या कर्तव्यांचे, गाडीत कोणती कागदपत्रं ठेवायची याचे. वरवर पाहता हे पाठांतर आहे. पण यातली बरीच उत्तरं अशी आहेत की ती आधी माहीत असली तर हातापायांचं शिक्षण शहाण्यासारखं होतं. घाटाचा नियम घ्या. अरुंद चढावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. ताम्हिणीत किंवा वरंधात रोज गाडी घालणाऱ्यांपैकीही अनेक जण हा नियम सौजन्याचा भाग समजतात, जमलं तर पाळतात. शिकाऊ माणूस मात्र पहिल्यांदा चढावर गाडी थांबवतो, हँडब्रेक ओढतो, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत श्वास रोखून बसतो आणि गाडी वीतभर मागे सरकते, तेव्हा त्या नियमाचं कारण त्याच्या पोटात शिरतं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उठवणं अवघड असतं, भरलेली असेल तर फारच. नियम डोक्यात असेल तर तो क्षण धडा होतो. नसेल तर त्याच क्षणातून शेजारचा ओळखीचा माणूस दुसरंच काही शिकवून जातो: ‘दे हॉर्न, घाल पुढे, तो थांबेल.’ चुकीची सवय आधी बसली की नंतर पडद्यावरच्या चिन्हावर टिचकी मारून ती जात नाही. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला वाट द्या, हे चाचणीत बिनचूक सांगणारे लोक चौकात नेमकं त्याच्या उलट वागतात, त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

आता विम्याकडे येऊ, कारण लोकांना खरा फटका तिथे बसतो आणि बोलणं मात्र तिथे सगळ्यात कमी होतं. मोटार विम्याच्या पॉलिसीत गाडी कुणी चालवायची याचं एक कलम असतं. आपण पॉलिसी मोबाइलमध्ये ठेवतो, उघडून वाचत नाही. त्या कलमाचा आशय असा की चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा, शिकाऊ परवानाधारकही चालवू शकतो, पण त्याने केंद्रीय नियमांमधल्या तिसऱ्या नियमाच्या अटी पाळलेल्या हव्यात. म्हणजे ज्या नियमाला आपण आरटीओची कटकट समजतो, तो नियम विमा कंपनीच्या करारात नावानिशी लिहिलेला आहे. नव्या शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर घातली आणि त्याच्याकडे शिकाऊ परवाना नसेल, तर दुरुस्तीचा दावा नाकारायला कंपनीला फार शोध घ्यावा लागत नाही. मालक स्वतःच चालवत असेल आणि त्यालाच इजा झाली, तर १५ लाखांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यातही वैध परवान्याची अट आडवी येते. दारात गाडी आणि खिशात परवाना नाही, अशा मालकाला त्या विम्याचा आधार मिळत नाही.

भिंतीऐवजी माणूस मध्ये आला तर? २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा विषय सविस्तर हाताळला. शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, केवळ तो शिकाऊ आहे म्हणून कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई टाळता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. परवानाच नसेल आणि त्यात मालकाचा दोष सिद्ध झाला, तर पीडिताला कंपनीने पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, हा मार्गही त्या निकालाने पक्का केला. मेलेल्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने हे बरंच आहे, त्यांचे पैसे अडत नाहीत. पण ‘मालकाकडून वसूल’ या दोन शब्दांचा अर्थ एखाद्या मध्यमवर्गीय घरात काय होतो, याचा विचार करून पाहावा. अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा आकडा मृताच्या वयावरून आणि कमाईवरून ठरतो. मृत तरुण आणि मिळवता असेल तर तो आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परवाना नव्हता एवढ्यावरून चालक निष्काळजी ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागतो. परवाना काढल्याने कुणी आपोआप सावध होत नाही आणि न काढल्याने बेदरकार होत नाही. परंतु चूक झाल्यावर तिचा भार कुणी उचलायचा, हे त्या कागदावरच ठरतं. आणि तो कागद मिळतो दीडशे रुपये परवान्याचे आणि पन्नास रुपये चाचणीचे, एवढ्या शुल्कात.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की आम्ही रस्त्यावर कुठे शिकतो, मैदानावर शिकतो. कायद्यातली सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या रस्त्यापुरती नाही. जिथे जायचा लोकांना हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती वहिवाटीची असो वा नसो. महापालिकेच्या ज्या मैदानावर सकाळी पोरं क्रिकेट खेळतात आणि आजोबा फेऱ्या मारतात, ते यात येतं. किंबहुना शिकाऊ गाडीसमोर अचानक धावत येणारं पोर रस्त्यापेक्षा अशा मैदानावरच भेटण्याचा संभव जास्त. ज्याची स्वतःची शेती आहे त्याची गोष्ट थोडी निराळी. स्वतःच्या बांधाच्या आत ट्रॅक्टर फिरवायला हा कायदा आडवा येत नाही, आणि खेड्यातली कित्येक मुलं तिथेच उत्तम चालक होतात हे मान्य करायला हवं. अडचण बांध ओलांडल्यावर सुरू होते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला लागतो तेव्हा ते शेत राहिलेलं नसतं. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि कधी कधी सीटवर बसलेल्याला मिसरूडही फुटलेली नसते.

दुसरा आक्षेप ड्रायव्हिंग स्कूलच्या बाजूने येतो. गाडीला ड्युअल कंट्रोल आहे, आमच्या मास्तरांचा पाय ब्रेकवर असतो, मग कागद आठ दिवसांनी आला तर काय बिघडलं? ड्युअल कंट्रोल म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच. दुसरं स्टिअरिंग तिथे नसतं. आणि नियम ही सोय शिकाऊ परवान्याच्या जोडीला मागतो, त्याच्या बदल्यात नव्हे. घरच्या गाडीत तर तीही नसते. मधला हँडब्रेक एवढाच वडिलांचा आधार, आणि आता बऱ्याच नव्या गाड्यांत तोही जाऊन एक बटण आलं आहे. अर्थात घरच्या माणसाने शिकवण्यात कायद्याला वावडं नाही. खासगी गाडीसाठी स्कूलची सक्ती नाही, पक्का परवाना असलेले आई-वडील, काका, बहीण कुणीही शिकवू शकतात. म्हणून तर लर्निंग आधी काढण्यात पैशाचंही अडत नाही.

दुचाकीबद्दल इथेच सांगतो, कारण आपल्याकडे बहुसंख्य लोकांची सुरुवात तिथूनच होते आणि तिथे स्कूलचा संबंधच येत नाही. बारावी झाली की पोरगी किंवा पोरगा भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या ॲक्टिव्हावर शिकतो. एका संध्याकाळी तोल सापडतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी कॉलेजला जाते. शिकाऊ दुचाकीस्वाराने मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही, हा नियम तर ऐकलेलाही नसतो. मैत्रीण मागे बसते, तिच्याकडेही परवाना नसतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवर होती, आणि सुमारे साडेएकोणीस टक्के पायी चालणारी. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या बळींची संख्या १५ हजारांवर होती. अठरा वर्षांखालच्यांचा प्रश्न आणखी टोकदार आहे. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचाच परवाना मिळतो, आणि तसली पेट्रोल गाडी आता क्वचितच दिसते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत ना शिकाऊ परवाना ना पक्का. मे २०२४ मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर हे कलम वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचलं. त्यातलं एक पोटकलम मात्र चर्चेत आलं नाही: मुलाकडे त्या वाहनाचा शिकाऊ परवाना असेल तर पालकावरची ही खास शिक्षा लागू होत नाही. एवढ्या कठोर कलमातही कायद्याने रेघ ओढली ती शिकाऊ परवान्यापाशीच.

सगळ्यात वजनदार आक्षेप निराळाच आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. लोक म्हणतात, चाचणीच फोल असेल तर ती आधी काय आणि नंतर काय! जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने घरबसल्या शिकाऊ परवाना काढता येऊ लागला. गावापासून ५०-६० किलोमीटरवर आरटीओ असलेल्या माणसाचा एक दिवसाचा रोज आणि एसटीचं भाडं वाचलं, हे चांगलंच झालं. पण घरबसल्या म्हणजे कुणी बसल्या, हे पाहणारं तिथे कुणी नसतं. उमेदवाराच्या नावाने दुसराच कुणी टिचक्या मारून देतो, अशा तक्रारी सुरुवातीपासून आहेत. त्या खऱ्या मानूनच बोलायला हवं. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की चाचणी घट्ट करा: तालुक्याच्या शिबिरात घ्या, कॉलेजच्या संगणक कक्षात कुणाच्या तरी देखरेखीत घ्या. शिकाऊ परवाना शिकण्याच्या शेवटी ढकलल्याने चाचणी सुधारत नाही, उलट तिला उरलेला थोडासा अर्थही जातो. गाडी येतच असते, मग १५ प्रश्नांसाठी पुस्तिका कोण उघडणार? एजंटाचं दुकान चालतं ते याच मनःस्थितीवर. ज्याला अजून काहीच येत नाही, त्यालाच प्रश्नांची उत्तरं समजून घ्यावीशी वाटण्याची थोडीफार शक्यता असते.

याच्याच जोडीला सांगितलं जातं की अपघात करणारे बहुतांश चालक पक्का परवाना असलेलेच असतात, केंद्राच्या अहवालांतही तसंच दिसतं. ते खरं आहे. रस्त्यावर परवानाधारकच जास्त असणार, म्हणून अपघातांतही तेच जास्त असणार. पण मला त्या आकड्यात दुसरा प्रश्न दिसतो: हे परवानाधारक शिकले कसे? मैदानावर पंधरा दिवस, मग लर्निंग, मग महिनाभर वाट, मग ट्रॅकवर आठचा आकडा किंवा रिव्हर्स, आणि पक्कं लायसन्स हातात, हाच त्यातल्या बहुतेकांचा रस्ता असणार. लर्निंग आधी काढलं आणि त्याचे सहा महिने लवकर सुरू झाले तर मुदत संपेल, ही भीतीही अनेकांना असते. २१ दिवसांचा वर्ग आणि चाचणीची तारीख मिळायला लागणारा वेळ धरूनही सहा महिने पुरतात. पावसाळा, परीक्षा, बदली अशा कारणांनी नाहीच पुरले, तर पुन्हा अर्ज करता येतो.

बदल कुठून सुरू करायचा याचं उत्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावरच आहे, नवा कायदा लागत नाही. प्रत्येक स्कूलला दोन नोंदवह्या ठेवाव्या लागतात. नमुना १४ मध्ये प्रवेश घेणाऱ्याचं नाव, प्रवेशाची तारीख आणि शिकाऊ परवान्याचा क्रमांक व त्याची मुदत संपण्याची तारीख. नमुना १५ मध्ये कोणत्या दिवशी किती ते किती वाजेपर्यंत गाडी चालवली, याची नोंद. आज शिकाऊ परवान्याचा रकाना बऱ्याच ठिकाणी मागाहून भरला जातो, अर्ज झाला की. मोटार वाहन निरीक्षकाने तपासणीला गेल्यावर मुदत संपण्याच्या तारखेतून सहा महिने वजा करावेत आणि येणारी तारीख दुसऱ्या वहीतल्या पहिल्या धड्याच्या तारखेशेजारी ठेवावी. पहिला धडा आधीचा निघाला, तर त्या दिवशी त्या गाडीत विनापरवाना चालक बसला होता आणि त्याला स्कूलनेच बसवलं होतं, हे स्कूलच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं असेल.